मुलांना रोज फोन का करायचा नाही : जुलैच्या इंग्लंड समर कॅम्पसाठी नाव घातलेल्या पालकांना

पालकहो, नावनोंदणी सुरू झाली की आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न व्हिसाचा नसतो, जेवणाचाही नसतो. "फोन रोज करता येईल ना?" हा असतो. उत्तर नाही असं आहे. बुधवारी आणि रविवारी, दहा-दहा मिनिटं, एवढंच. हे ऐकून काही पालक नाराज होतात आणि काही जण मुलाच्या बॅगेत कपड्यांच्या घडीत दुसरा मोबाइल घालून देतात. तो मोबाइल पहिल्याच दिवशी सापडतो, कॅम्पवाले तो काढून घेतात आणि मुलाची सुरुवात कानकोंडी होऊन होते. म्हणून हा नियम का आहे ते इथे सविस्तर सांगतो.

इंग्लंडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. आपल्याकडे रात्री साडेनऊला जेवणं उरकतात, सगळे निवांत बसतात आणि फोन लावावासा वाटतो, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. कॅम्पचा दिवस साधारण असा : सकाळी तीन तास इंग्रजीचे वर्ग, दुपारी खेळ किंवा सहल, पाच ते सहा मोकळा वेळ, सहाला जेवण. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे त्या मोकळ्या तासात सगळी मुलं बाहेर मैदानावर किंवा टेबल टेनिसच्या टेबलाभोवती असतात. शिक्षक जवळ नसतो, वही नसते, चुका काढणारं कुणी नसतं. टेबल एक आणि खेळणारे आठ, मग "माय टर्न", "वन मोर", "नो, दॅट वॉज आऊट" म्हटल्याशिवाय बॅट हातात येतच नाही. वर्गातल्या तीन तासांपेक्षा या एका तासात मूल जास्त बोलतं, आणि नेमका याच तासाला घरचा फोन येतो.

मूल फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये जातं. पंधरा-वीस मिनिटांनी परत येतं तेव्हा टीम पडलेल्या असतात. रंगलेल्या खेळात मध्येच घुसणं आपल्या गल्लीत, आपल्या भाषेतसुद्धा अवघड जातं. मूल कडेला उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता स्वतःच फोनची वाट बघत बसतं. हे तीन-चार दिवस चाललं की बाकीच्यांचे गट पक्के होतात आणि तुमचं मूल त्यात नसतं. चौदा दिवसांच्या कॅम्पमध्ये पहिले चार दिवस गेले म्हणजे फार गेलं.

आम्ही ठरवलेली वेळ आपल्याकडची दुपारी एक ते दीड आहे, म्हणजे तिथली सकाळची साडेआठ ते नऊ. नाष्टा झालेला असतो, वर्ग सुरू व्हायचा असतो. मुद्दाम सकाळ ठेवली आहे, कारण घरची आठवण रात्री जास्त दाटते. झोपण्याआधी आईचा आवाज ऐकला की बहुतेक मुलं शांत होण्याऐवजी जास्त रडतात. सकाळी बोललेलं मूल फोन ठेवून थेट वर्गात जातं.

फोनवर काय बोलायचं तेही महत्त्वाचं आहे. "इंग्लिश बोलतोस का? बोलून दाखव की जरा!" हे कृपया टाळा. स्पीकरवर आज्जी, काका, शेजारच्या काकू सगळे ऐकत असताना मूल परीक्षेला बसल्यासारखं होतं. फोनवर मराठीच बोला. दिवसभर परकी भाषा ऐकून डोकं शिणलेलं असतं, दहा मिनिटं मराठी म्हणजे त्याला विसावा आहे. विचारायचंच असेल तर असं विचारा : काल जेवताना शेजारी कोण बसलं होतं? ते कुठल्या देशाचं? त्यांच्या भाषेत 'धन्यवाद'ला काय म्हणतात? दुसऱ्या खेपेला याचं उत्तर देता यावं म्हणून मूल आपण होऊन कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसतं.

एक वाक्य मात्र निघण्यापूर्वीही बोलू नका आणि फोनवरही नाही : "नाही करमलं तर लगेच परत आणतो." प्रेमानं म्हटलेलं असतं, आम्हाला कळतं. पण त्यामुळे पहिल्या अवघड दिवशी मुलाच्या मनात एकच गोष्ट घोळत राहते, की रडलो की सुटका आहे. मग ते रुळायचा प्रयत्न करत नाही. त्याऐवजी सांगा, "पहिले तीन दिवस जड जातील, मग जमेल." हे खरंही आहे. नव्या भाषेत पडलेलं मूल सुरुवातीला नुसतं ऐकतं. दोन-तीन दिवस अगदी गप्प असलं तरी काही बिघडलेलं नसतं. फोनऐवजी प्रत्येकी दोन पत्रं हातानं लिहून आमच्याकडे द्या. सोबत जाणाऱ्या ताई ती तिसऱ्या आणि आठव्या दिवशी मुलांना देतात. मुलं ती उशीखाली ठेवतात.

ताप, दुखापत, काहीही तातडीचं असेल तर ताई स्वतः तुम्हाला फोन करतात, वेळ कुठलीही असो. दहा मुलांमागे आमच्या एक ताई किंवा सर असतात. ग्रुपवर एक दिवसाआड फोटो येतात. फोटोत तुमचं मूल दिसलं नाही तर घाबरून फोन करू नका. बहुतेक वेळा ते कॅमेऱ्यापासून लांब, खेळात असतं.

आता फॉर्मबद्दल. इंग्रजीची पातळी युरोपात सगळ्यात खालच्या ए वनपासून सगळ्यात वरच्या सी टूपर्यंत सहा पायऱ्यांत मोजतात. "आमचा इंग्लिश मीडियमचा आहे" म्हणून बरेच पालक वरची पायरी लिहितात. आपल्या मुलांचं वाचन-लेखन बऱ्याचदा बी वनचं असतं आणि बोलणं ए टूचं, कारण शाळेत उत्तरं लिहायची असतात, बोलायची नसतात. वरच्या गटात बसलेलं मूल चौदा दिवस मान डोलावत राहतं. फॉर्ममधला तो रकाना कोरा सोडा, तो आमच्या बोलक्या चाचणीनंतर आम्ही भरतो. आणि पहिल्या दिवशी तिथे होणाऱ्या परीक्षेची घरी तयारी करून घेऊ नका.

सांगलीच्या दोन मित्रांना एका खोलीत ठेवण्याची विनंतीही आम्ही मान्य करत नाही. पहिली रात्र त्यामुळे थोडी कठीण जाते, ते कबूल आहे. पण एक मराठी बोलणारा शेजारच्या कॉटवर असला की खोलीतल्या इटालियन मुलाशी बोलायची गरजच उरत नाही.

या इटालियन, स्पॅनिश, तुर्की, ब्राझिलियन मुलांबद्दल पालकांची फार मोठी चुकीची समजूत असते. त्यांनाही इंग्रजी येत नसतं! तीही शिकायलाच आलेली असतात. त्यांच्यातले कित्येक जण "आय नो हॅव फोर्क" म्हणतात, काटा घेतात आणि जेवायला बसतात. आपल्या मुलाला 'आय डोन्ट हॅव' येतं, पण वाक्य मनात तीनदा तपासून होईपर्यंत ताट गार होतं. कॅम्पमध्ये त्याला हेच दिसतं, की मोडकं बोलूनही काम होतं आणि कुणी हसत नाही. आत्मविश्वास म्हणतात तो इथून सुरू होतो. व्याकरण चौदा दिवसांत सुधारत नाही, तसं आश्वासनही आम्ही देत नाही.

एका गोष्टीवर आम्ही जाण्यापूर्वीच्या सहा रविवारच्या वर्गांत सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मराठीत आपण "पाणी दे ना जरा" म्हणतो. नम्रपणा त्या 'ना'त आणि 'जरा'त असतो. मूल त्याचं इंग्रजी करतं तेव्हा 'ना' आणि 'जरा' गळून पडतात आणि उरतं "गिव्ह मी वॉटर". घरी संस्कारी असलेलं मूल तिथे उद्धट वाटतं, समोरचा कपाळाला आठी घालतो आणि मूल गप्प होतं. काय चुकलं ते त्याला कळतच नाही. म्हणून "कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?" हे आम्ही खरा जग आणि खरे ग्लास ठेवून म्हणून घेतो, मागितल्याशिवाय पाणी मिळत नाही. तसंच "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?" समजलं नाही तरी "येस" म्हणून मान हलवायची सवय मोडायला दोन रविवार जातात. पोट दुखलं तर "माय स्टमक इज पेनिंग" नाही, "आय हॅव अ स्टमकेक" (stomach ache). अशी तीस वाक्यं आहेत. रविवार चुकवू नका, चुकलेला वर्ग बुधवारी संध्याकाळी भरून देतो.

बॅगेविषयी थोडं. शेंगदाण्याची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की देऊ नका. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेली मुलं असतात म्हणून बऱ्याच कॅम्पमध्ये या वस्तूंना पूर्ण बंदी असते. साताऱ्याचे कंदी पेढेही नकोत, कारण भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. जेवणाच्या फॉर्मवर नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. तिथे त्यात अंडं धरलेलं असतं. अंडं आणि जिलेटिन (जेलीत वापरतात तो प्राण्यांपासून काढलेला पदार्थ) चालत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

त्याऐवजी भोवरा द्या, दोरीसकट. खाली लोखंडी आर असते, म्हणून तो विमानात हाताशी न ठेवता मोठ्या बॅगेत टाका. भोवरा फिरवता येणारं मूल तिथे एका दुपारीत ओळखीचं होतं. आरेपासून दोरी घट्ट गुंडाळत वर न्यायची, टोकाची गाठ बोटात अडकवायची, भोवरा फेकायचा आणि हात झटक्यानं मागे घ्यायचा. हे दुसऱ्याला शिकवायचं म्हणजे "टाइट", "नॉट लाइक दॅट", "थ्रो, देन पुल", "ट्राय अगेन" म्हणावंच लागतं. शिकणाऱ्याच्या जागी असलेलं मूल अचानक शिकवणारं होतं, आणि तेव्हा आवाज आपोआप चढतो. ज्यांना भोवरा येत नाही त्यांना आम्ही वर्गात शिकवतो.

कागदपत्रांचं थोडक्यात : ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर मागता येत नाही, म्हणून एप्रिलपासून गडबड असते. मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचाच असतो, पहिलीत काढलेला असेल तर तारीख आजच बघा. आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि कॅम्प जुलैत आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यातच द्या. अर्जाचा नमुना ऑफिसात मिळतो. शाळा बुडवायचीच नसेल त्यांच्यासाठी जूनच्या सुरुवातीची सिंगापूरची छोटी बॅच आहे. तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, फोनचा नियम तोच.

परत आल्यावर पहिले तीन आठवडे मूल घरात मध्येच इंग्रजीत बोलेल, चुकीचंही बोलेल. त्या वेळी चूक दुरुस्त करू नका, पुढचं विचारा. पाहुण्यांपुढे बोलायला लावू नका. कॅम्पमधल्या मित्रांशी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून द्या आणि तेवढा वेळ तुम्ही खोलीबाहेर थांबा. आल्यानंतरचे चार शनिवार आम्ही गप्पांचा तास घेतो, तो शुल्कात धरलेला आहे.

पालकसभा मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाला ऑफिसातच आहे. दोघांपैकी एका पालकानं यावंच, कारण फोनच्या नियमाच्या कागदावर त्या दिवशी सही घेतो. पत्रं लिहून आणली असतील तर पाकिटावर मुलाचं नाव आणि 'तिसरा दिवस' किंवा 'आठवा दिवस' असं ठळक लिहा.