सिम्युलेशन गेमसाठी पीसी घेताय? आधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गेमिंगचा पीसी दाखवा" असं कुणी म्हटलं की आम्ही उलट प्रश्न विचारतो: कोणता गेम? गोळीबाराच्या गेमला लागणारा पीसी वेगळा, आणि शहर वसवायच्या, विमान उडवायच्या, ट्रक किंवा रेल्वे चालवायच्या गेमला लागणारा वेगळा. या दुसऱ्या प्रकारात पैसे हमखास चुकीच्या जागी पडतात. सगळं बजेट ग्राफिक्स कार्डात जातं, रॅम 8 जीबीच राहते, हार्डडिस्क जुनी असते. मग गेम अटकतो आणि बोल कार्डाला लागतो. हे पत्रक त्यासाठीच छापलं आहे. घरी नेऊन निवांत वाचा.

शहर मोठं झालं की पीसी का दमतो

शहर वसवायच्या गेममध्ये तुम्ही एका चौकाकडे बघत असता तेव्हाही बाकीचं गाव थांबलेलं नसतं. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर कंपनीच्या 'सिटीज: स्कायलाइन्स' (2015) मध्ये प्रत्येक नागरिकाला घर असतं, नोकरी किंवा शाळा असते, आणि घरून निघाल्यावर त्याचा रस्ता प्रोसेसरला शोधून द्यावा लागतो. एका वेळी रस्त्यावर फिरणाऱ्या माणसांची मर्यादा 65,536 आणि वाहनांची 16,384 आहे. एवढ्या जणांचा हिशोब दर क्षणी करायचा तर काम प्रोसेसरचं आणि रॅमचं. कार्डाचं काम फक्त चित्र काढण्याचं.

म्हणूनच पाच हजार वस्तीचं गाव साध्या लॅपटॉपवर मजेत पळतं आणि लाखाच्या पुढे तोच लॅपटॉप मान टाकतो. दोष नक्की कुठे आहे हे घरबसल्या तपासता येतं. गेममध्ये वेळ पुढे ढकलायची तीन बटणं असतात. तिसरं दाबूनही तारीख पहिल्याच चालीने सरकत असेल तर प्रोसेसर कमी पडतोय. दुसरी तपासणी कुठल्याही गेमला लागू पडते: रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) 1080 वरून 720 वर आणा. गेम एकदम सुळसुळीत झाला तर कार्ड कमजोर आहे. काहीच फरक पडला नाही तर नवीन कार्ड घेऊन पैसे फुकट घालवू नका. हे आम्ही दुकानदार असून सांगतोय.

'सिटीज: स्कायलाइन्स 2' ऑक्टोबर 2023 मध्ये आला तेव्हा भारी पीसीवरही रखडत होता आणि त्यावर बरीच ओरड झाली. नंतरच्या अपडेटनी सुधारणा झाली, तरी आमचा सल्ला असा की 16 जीबी रॅम आणि मध्यम कार्ड असेल तर पहिला भागच घ्या. त्याला हौशी लोकांनी तयार केलेल्या इमारती, चौक, पूल यांचा इतका साठा आहे की वर्षभर पुरेल.

जुने गेम: पैसे कमी, डोकेदुखी थोडी

या सगळ्याचं मूळ 'सिमसिटी'त आहे. विल राइट 1984 चा 'रेड ऑन बंगेलिंग बे' हा बॉम्ब टाकायचा गेम बनवत होते. त्यासाठी नकाशा आखायचं जे साधन त्यांनी तयार केलं, तेच त्यांना मूळ गेमपेक्षा जास्त आवडलं. रस्ते, बेटं, इमारती मांडत बसण्यातच मजा होती. पुढे एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांचं शहरांच्या वाढीबद्दलचं लेखन त्यांनी वाचलं आणि त्या नकाशात लोकसंख्या, कर, गुन्हेगारी यांचं गणित घातलं. पण ज्या गेममध्ये जिंकणं-हरणंच नाही तो विकणार कसा, म्हणून प्रकाशक तयार होईनात. शेवटी जेफ ब्राउन यांच्याबरोबर मॅक्सिस ही कंपनी निघाली आणि 1989 मध्ये गेम बाजारात आला.

आजही तो शिकण्यासारखा आहे. त्यात तयार शहरांचे पेच दिलेत: 1906 चा भूकंप झालेलं सॅन फ्रान्सिस्को, गुन्हेगारीने पोखरलेलं 1972 चं डेट्रॉइट, आणि गाड्यांनी तुंबलेलं 1965 चं बर्न. बर्न सोडवायला बसलेला नवखा खेळाडू रस्ते वाढवत सुटतो. उपाय मात्र रस्ते उखडून तिथे रूळ टाकण्यात आहे, कारण या गेमच्या गणितात रुळांमुळे ना कोंडी होते ना प्रदूषण. खऱ्या शहरात एवढं सोपं नसतं हे सांगायला नकोच! 2008 मध्ये या गेमचा मूळ कोड 'मायक्रोपोलिस' या नावाने खुला झाला, तो फुकट मिळतो आणि कुठल्याही पीसीवर चालतो.

पुढचे भाग घ्यायचे तर 'सिमसिटी 2000' आणि 'सिमसिटी 4' (2003). '4' बद्दल एक सूचना. तो ज्या काळात निघाला तेव्हा घरच्या प्रोसेसरला एकच कोअर (हिशोब करणारा भाग) असायचा. आजच्या आठ कोअरच्या मशिनवर तो मध्येच बंद पडतो आणि तासाभराचं शहर जातं. शॉर्टकटमध्ये "एकच कोअर वापर" अशी सूचना घातली की हा त्रास बहुतेक जातो. पीसी आमच्याकडून घेतला असेल तर हे आम्ही करून देतो, वेगळे पैसे नाहीत.

जुन्या सीडी घेऊन बरेच जण येतात. बहुतेक वेळा सीडी ठणठणीत असते, पण आजचं विंडोज तिला दाद देत नाही. त्याची दोन कारणं. एक, 1990 च्या दशकातल्या अनेक गेमचा इन्स्टॉलर 16-बिटचा आहे आणि 64-बिट विंडोज तो उघडतच नाही. दुसरं, 2000 च्या आसपासच्या बऱ्याच सीडींवर कॉपी होऊ नये म्हणून 'सेफडिस्क' नावाचं कुलूप होतं. त्याचा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 पासून बंद केला. म्हणजे रीतसर विकत घेतलेली सीडीही चालत नाही. अशा वेळी तोच गेम जीओजी किंवा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानांतून पुन्हा घेणं सोपं. सेलमध्ये तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि जीओजीवाले डॉसचे (विंडोजच्या आधीचे) गेम ते आजच्या पीसीवर चालवणाऱ्या डॉसबॉक्स प्रोग्रॅमसकट देतात, त्यामुळे वेगळी खटपट उरत नाही.

एक गेम मात्र कुठलाही पीसी असला तरी आम्ही सुचवतो: 'ओपनटीटीडी'. क्रिस सॉयर यांच्या 1994 च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून'वर आधारलेला, पूर्ण फुकट. कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाका, सिग्नल बसवा, नफा मोजा. सिग्नल चुकीच्या जागी बसवला की दोन गाड्या समोरासमोर येऊन मागे पंधरा गाड्यांची रांग लागते, आणि ती सोडवताना रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. याच सॉयर यांनी 'रोलरकोस्टर टायकून' (1999) जवळजवळ सगळा असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत लिहिला. म्हणूनच शेकडो पाहुण्यांनी भरलेला पार्क 16 जीबी नव्हे, 16 एमबी रॅमवर चालायचा.

विमान

आमच्याकडे सर्वात जास्त चौकशी याचीच. 'फ्लाइट सिम्युलेटर'ची सुरुवात ब्रूस आर्टविक यांनी ॲपल टू या संगणकासाठी केली. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आयबीएम पीसीवर आणला. त्या काळी एखादा पीसी खरोखर "आयबीएम कंपॅटिबल" आहे का, म्हणजे आयबीएमचे प्रोग्रॅम त्यावर चालतात का, हे बघायला दुकानदार दोन गोष्टी चालवून बघत: लोटस 1-2-3 हा हिशोबाचा प्रोग्रॅम आणि हा गेम. शिकागोच्या तळ्याकाठचा मेग्ज फील्ड हा छोटा विमानतळ बरीच वर्षं या गेमची सुरुवातीची धावपट्टी होता. खरा विमानतळ मार्च 2003 मध्ये महापौरांच्या हुकमाने एका रात्रीत बुलडोझर लावून उखडला. जुन्या सीडीवर तो अजून जागच्या जागी आहे.

2020 मध्ये आलेल्या आवृत्तीने सगळं बदललं. उपग्रहाच्या चित्रांवरून अख्खी पृथ्वी, आणि ती तुमच्या पीसीत नाही, तर इंटरनेटवरून उडता उडता येते. इमारतींच्या मजल्यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावरून घेतली होती. तिथे कुणीतरी मेलबर्नच्या उपनगरातल्या एका घराचे 2 ऐवजी 212 मजले टाकले होते. गेममध्ये बैठ्या घरांच्या मधोमध ढगात घुसणारा सुळका उभा राहिला आणि जगभरचे वैमानिक तो बघायला गेले.

आपल्याकडे जुहूहून उठून पुण्याकडे निघालात तर घाट चढताना सह्याद्रीची धार छान दिसते. जुलैत खऱ्या हवामानाचं बटण चालू ठेवा, खंडाळ्यावर काहीच दिसत नाही! इतिहासाची आवड असेल तर कराची, अहमदाबाद, जुहू हा मार्ग उडून बघा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन याच मार्गाने आले होते.

आता खर्चाचं. 2020 च्या आवृत्तीला सुरुवातीला सुमारे 150 जीबी जागा लागायची. 2024 च्या आवृत्तीला 50 जीबी पुरते, पण ती जवळजवळ सगळं नेटवरून आणते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे कमीत कमी 16 जीबी रॅम आणि नेटचा वेग 10 एमबीपीएस, चांगलं चालायला 32 जीबी आणि 50 एमबीपीएस. थोडक्यात, घरात फायबर नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाच्या दीड-दोन जीबीवर, काम चालत असेल तर 2024 घेऊ नका. 2020 मध्ये नेटवरची दृश्यं बंद ठेवता येतात, जमीन थोडी कृत्रिम दिसते इतकंच. नेट अजिबात नको असेल तर 'एक्स-प्लेन 12' बघा. तो पंखाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरचा हवेचा दाब मोजतो, त्यामुळे विमान हाताला खरं लागतं. नजारा मात्र थोडा फिका. पायलट व्हायचं डोक्यात असलेल्या मुलांना आम्ही आधी 'फ्लाइटगिअर' लावून देतो. तो फुकट आहे. महिनाभर टिकले तर पुढचं बघू.

ट्रक, रेल्वे, शेती

चेक कंपनी एससीएसचा 'युरो ट्रक सिम्युलेटर 2' 2012 चा आहे, म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पीसीवरही छान चालतो. नवीन माणसाची पहिली अडचण वेगळीच असते: युरोपात उजवीकडून चालवायचं. आपला हात डावीकडे वळतो आणि समोरून ट्रक येतो. सुरुवातीला मुख्यालय म्हणून ब्रिटनमधलं शहर निवडा, तिथे आपल्यासारखी डावी बाजू आहे. नकाशांचे वाढीव भाग एकदम घेऊ नका. मूळ गेममध्येच जर्मनी ते इंग्लंड फिरताना महिने जातात.

रेल्वेवाल्यांनी 2001 च्या 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर'च्या दोन सीडी टाकून देऊ नयेत. 'ओपन रेल्स' हा फुकट प्रोग्रॅम त्याच मार्गांवरून आणि त्याच इंजिनांनी नव्या विंडोजवर गाडी चालवतो. भारतीय इंजिनं आणि डबे हौशी मंडळींनी बनवले आहेत, ते त्यात बसतात. पावसात चढावर जड गाडी घेऊन थांबा आणि पुन्हा निघायचा प्रयत्न करा. चाकं जागीच फिरतात, वाळू सोडावी लागते. कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं का जोडतात, ते तिथे समजतं.

'फार्मिंग सिम्युलेटर' स्वित्झर्लंडचा. बऱ्याच काळापासून त्यात ऊस आहे, आणि 2024 अखेरच्या आवृत्तीत भात आणि म्हशीही आल्या. घरी शेती असलेल्या ग्राहकांना ट्रॅक्टरच्या गेमचं हसू येतं, आणि तेच पुढच्या आठवड्यात हार्वेस्टर कोणता घ्यावा विचारायला येतात.

जॉयस्टिक, स्टिअरिंग आणि लाइट

माऊसने विमान उडवण्यात मजा नाही. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) असलेली साधी जॉयस्टिक पुरते. काठी पिळली की रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं, फिरतं, तेव्हा पेडल नंतर घेतले तरी चालतात. स्टिअरिंग घेताना 900 अंश फिरणारं घ्या. 270 अंशांचं स्वस्त मिळतं, पण ट्रक वळवताना खेळणं वाटतं. घरी टेबलाच्या फळीची जाडी मोजून या. पकडीचा स्क्रू काचेच्या टेबलावर अजिबात लावू नका.

लाइट जाते हे धरून चला. घरच्या इन्व्हर्टरच्या मागे बहुधा 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. तो 'नॉर्मल'वर असेल तर लाइट जाताच पंखा चालू राहतो, पण पीसी बंद होऊन पुन्हा सुरू होतो. 'यूपीएस'वर ठेवा. जड कार्ड असलेला पीसी इन्व्हर्टरवर टाकण्याआधी किती वॅटचा आहे ते आम्हाला विचारा.

आमचे नियम

क्रॅक केलेले (चोरीचे) गेम आम्ही पीसीत घालून देत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी. त्यातून येणारे व्हायरस काढायला तुम्हालाच पुन्हा पैसे मोजावे लागतात. स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि जून अखेरीला व डिसेंबर अखेरीला मोठे सेल लागतात. घाई नसेल तर तोवर थांबा. स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, तेव्हा तुमच्या पीसीवर चालतो की नाही हे पहिल्याच दिवशी बघा.

आहे तोच पीसी वाढवायचा असेल तर कॅबिनेट उचलून आणायची गरज नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'डीएक्सडायग' असं इंग्रजीत टाइप करा, एंटर मारा. समोर येणाऱ्या पहिल्या पानाचा आणि डिस्प्लेच्या पानाचा फोटो काढून दुकानात दाखवा. एसएमपीएसवरच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) स्टिकरचाही एक फोटो घ्या. नवीन कार्ड चालेल की नाही हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.