थर्मामीटर बिघडलेला नाही!

“सकाळी ९७.६ दाखवला, संध्याकाळी ९९.२. बदलून द्या हो.” पावसाळा सुरू झाला की आमच्या काउंटरवर ही तक्रार ठरलेली. बहुतेक वेळा थर्मामीटर ठणठणीत असतो.

अंगाचं तापमान दिवसभर एकसारखं नसतंच. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे तापमान सांभाळायचं काम आहे आणि शरीराचं घड्याळही तिथंच आहे. त्यामुळे पहाटे तापमान सगळ्यात कमी, दुपारी चार-सहाच्या सुमारास सगळ्यात जास्त. धडधाकट माणसातही हा फरक जवळजवळ एक अंश फॅरनहाइट असतो. आजारातही हा चढउतार सहसा सुटत नाही. म्हणून सकाळी उतरलेला ताप दिवेलागणीला पुन्हा चढला की लगेच ‘डॉक्टरांचं औषध लागू पडलं नाही’ म्हणू नका. शिवाय पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासच टिकतो.

सगळ्यांच्या तोंडी असलेला ९८.६ हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिक यांनी १८६८ साली रूढ केला. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी लोकांचं तापमान तोंडात मोजलं, तेव्हा सरासरी ९८.२ आली. सकाळी ९८.९ आणि संध्याकाळी ९९.९ च्या वर गेलं तर ताप धरावा, असंही त्या अभ्यासकांनी सुचवलं. म्हणजे पहाटेचा ९९.५ आणि संध्याकाळचा ९९.५ एक नव्हे.

मोजताना वेळ आणि जागा तीच ठेवा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश कमी येतो. काख कोरडी करा, बीप वाजेपर्यंत हात दाबून धरा. चहा किंवा तांबडा रस्सा पिऊन लगेच तोंडात थर्मामीटर घालू नका, अर्धा तास जाऊ द्या. तालमीतून घामाघूम आलेल्या पोराचंही तसंच. आणि लिहून ठेवा: ‘मंगळवार, सकाळी ६, काख, ९९.४. गोळी सव्वासहाला.’ कॅलेंडरच्या मागं लिहिलं तरी चालेल. डॉक्टरांना “रात्री लई ताप होता” यापेक्षा या एका ओळीचा उपयोग जास्त.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल तर वेळ कुठलीही असो, थांबू नका. डेंग्यूत तर ताप उतरतानाच जास्त सावध राहावं लागतं. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा गळून गेल्यासारखी सुस्ती दिसली, तर तडक दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आपल्या मनानं घ्यायचं नाही. आमच्याकडे मागितलं तरी चिठ्ठीशिवाय देणार नाही, राग मानू नका.

एवढं करूनही थर्मामीटरचा संशय राहिला तर घेऊन या. दुकानातल्या दुसऱ्याशी ताडून बघू. पुष्कळदा नुसती बॅटरी उतरलेली असते.