पार्श्वभूमी: ७६,८०० पिक्सेलची चौकट

व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या, म्हणजे कन्व्हर्ट करणाऱ्या, एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामकडे तो कोणकोणत्या प्रकारच्या फाइल लिहू शकतो याची यादी मागितली, तर त्या लांबलचक यादीत ‘पीएसपी’ हे नाव आजही दिसतं. सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबल (पीएसपी) या हातात धरून खेळायच्या कन्सोलसाठीचा हा खास एमपी४, म्हणजे व्हिडिओ फाइलचा एक प्रकार. साधा एमपी४ त्याच यादीत वेगळा आहेच. दोन्हींत चित्र आणि आवाज साठवण्याची पद्धत एकच. फरक इतकाच, की पीएसपीच्या फाइलमध्ये सोनीला हवी असलेली जास्तीची माहिती एका वेगळ्या कप्प्यात लिहिलेली असते. या कन्सोलची विक्री २०१४ च्या सुमारास गुंडाळली गेली, तरी तो कप्पा लिहिणारा कोड अजून जागेवर आहे.

एका गेमिंग यंत्रासाठी वेगळा एमपी४ का लागावा, या प्रश्नात हातातल्या कन्सोलवर व्हिडिओ पाहण्याचा बराचसा इतिहास येतो. हा इतिहास बहुतेकदा ‘तेव्हाची यंत्रं कमकुवत होती’ एवढ्यावर आटोपला जातो. काही यंत्रांबाबत ते खरंच आहे. पण ज्या कन्सोलसाठी लोकांनी रात्ररात्र संगणक चालू ठेवून फाइल कन्व्हर्ट केल्या, तो पीएसपी मुळीच कमकुवत नव्हता. त्याची अडचण वेगळी होती, आणि ती नीट सांगितली जात नाही म्हणून हे टिपण.

हातातल्या कन्सोलवर चलच्चित्र पाहण्याची हौस फाइलींच्याही आधीची. १९९० साली जपानमध्ये आलेल्या सेगाच्या गेम गिअरला टीव्ही ट्यूनर जोडता येत असे. त्यात साठवण्याचा प्रश्नच नव्हता. हवेतून येणारं प्रक्षेपण दिसायचं आणि जायचं. साठवलेला व्हिडिओ आला तो गेम बॉय ॲडव्हान्सवर. २४० गुणिले १६० पिक्सेलचा पडदा आणि १६.७८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, एवढ्या भांडवलावर २००४ मध्ये मॅजेस्को कंपनीने कार्टूनचे भाग कार्ट्रिजमध्ये भरून विकायला सुरुवात केली. चित्र धूसर, रंगांचे ठोकळे उठून दिसायचे. पण या कार्ट्रिजची एक गोष्ट मला चित्राच्या दर्जापेक्षा महत्त्वाची वाटते. गेम बॉयचे खेळ टीव्हीवर दाखवणारं गेम बॉय प्लेअर नावाचं उपकरण तेव्हा मिळत होतं. ही व्हिडिओ कार्ट्रिज त्यावर मुद्दाम चालू दिली जात नव्हती, कारण कुणी टीव्हीला व्हीसीआर जोडून प्रत काढेल अशी भीती होती. म्हणजे पहिल्या पावलापासूनच ‘यंत्राला काय जमतं’ आणि ‘मालक काय करू देतो’ हे दोन वेगळे प्रश्न होते.

फेब्रुवारी २००५ मध्ये निन्टेंडोने जपानमध्ये प्ले-यान आणलं. गेम बॉयच्या खाचेत बसणारं हे कार्ट्रिज, आणि त्यात घालायचं एसडी कार्ड. संगणकावर एमपीईजी-४ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवण्याच्या पद्धतीत, कन्व्हर्ट केलेला व्हिडिओ कार्डावर टाकायचा आणि पाहायचा. व्हिडिओ उलगडण्याचं काम कार्ट्रिजमधली चिप करायची. पुढे युरोपात हे उपकरण गेलं तेव्हा त्यातला व्हिडिओ वगळून फक्त गाणी ठेवली गेली.

तोवर पीएसपी आला होता. जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ ला, अमेरिकेत २४ मार्च २००५ ला. ४.३ इंचांचा रुंद पडदा, ४८० गुणिले २७२ पिक्सेल. हे आकडेही सहज ठरलेले नाहीत. ४८० रुंदीच्या १६:९ चित्राची उंची खरं तर २७० यायला हवी. पण व्हिडिओ कोडेक चित्राचे १६ गुणिले १६ पिक्सेलचे चौकोन पाडून काम करतात. २७० ला १६ ने भाग जात नाही, २७२ ला जातो. पीएसपीच्या पडद्यावर असे आडवे तीस आणि उभे सतरा चौकोन बरोबर बसतात. खेळाइतकाच चित्रपटांचाही विचार या यंत्रात होता, हे एवढ्यावरूनही कळतं. शिवाय आत मीडिया इंजिन नावाचा वेगळा प्रोसेसर होता, आणि चित्रपट विकण्यासाठी यूएमडी ही १.८ जीबीची छोटी चकती. यूएमडीवरचा चित्रपट एच.२६४ कोडेकमध्ये, ७२० गुणिले ४८० पिक्सेलचा असायचा. म्हणजे डीव्हीडीच्या बरोबरीचा. कन्सोल तो सहज उलगडून पडद्याच्या मापात दाखवत असे.

आता, २००५ च्या सुरुवातीला आहोत असं समजून, तुमच्याकडचा व्हिडिओ त्याच कन्सोलच्या मेमरी स्टिकवर, म्हणजे सोनीच्या मेमरी कार्डावर, टाकून बघा. एच.२६४ चालणार नाही. फक्त एमपीईजी-४ ची साधी, जुनी पातळी. आणि चित्र एकूण ७६,८०० पिक्सेलच्या आत, म्हणजे ३२० गुणिले २४०. पडद्यावर मात्र पिक्सेल १,३०,५६०. तीच चिप, तोच पडदा. चित्रपट चकतीवर असेल तर ३,४५,६०० पिक्सेल, मेमरी स्टिकवर असेल तर त्याच्या पावपटीहून कमी.

रुंद पडद्यावर चौकोनी चित्र कुणाला आवडणार? म्हणून लोकांनी ७६,८०० च्या आत बसेल असं रुंद माप शोधून काढलं: ३६८ गुणिले २०८. गुणाकार ७६,५४४. दोन्ही आकड्यांना १६ ने भाग जातो आणि आकार जवळपास १६:९ येतो. त्या काळात पीएसपीसाठी व्हिडिओ केलेल्या कुणालाही हे दोन आकडे आजही पाठ असतील. मला या आकड्यांचं फार कौतुक वाटतं. दिलेल्या चौकटीत दोनशे छप्पन्न पिक्सेल तेवढे सोडून बाकीची सगळी जागा वापरली आहे!

चौकट फक्त चित्राची नव्हती. फाइल मेमरी स्टिकवर ‘एमपी_रूट’ या फोल्डरमधल्या ‘१००एमएनव्ही०१’ या फोल्डरमध्येच हवी, आणि तिचं नाव ‘एम४व्ही’ या अक्षरांनंतर पाच आकडे, असंच हवं. नाव बदललं की कन्सोलला फाइल दिसत नसे. शेजारी त्याच नावाची ‘टीएचएम’ फाइल ठेवली, तर यादीत छोटं चित्र दिसायचं. ती म्हणजे प्रत्यक्षात १६० गुणिले १२० चं जेपेग. हे सगळं हाताने करणं कंटाळवाणं होतं, आणि कन्व्हर्टर प्रोग्राम लोकप्रिय झाले ते या कंटाळ्यामुळेही. सोनीचा स्वतःचा इमेज कन्व्हर्टर विकत घ्यावा लागे. लोकांनी त्याऐवजी फुकटची साधनं धरली. जपानमधला ३जीपी कन्व्हर्टर मुळात मोबाइल फोनसाठी होता. त्यात पीएसपीची सेटिंग घालून तो वापरला जाऊ लागला. २००५ मध्ये पीएसपी व्हिडिओ ९ आला. तो फाइल कन्व्हर्ट करून योग्य नावाने योग्य फोल्डरमध्ये ठेवायचाही. अशा बहुतेक साधनांच्या पोटात प्रत्यक्ष काम करत होता एफएफएमपेग, फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला. वरच्या बटणांचे रंग वेगळे, इंजिन तेच.

काम वेळखाऊ होतं. तेव्हाच्या संगणकांना बहुधा एकच कोअर असे. चांगल्या दर्जासाठी व्हिडिओ दोनदा फिरवायचा: पहिल्या फेरीत कुठे हालचाल जास्त आहे ते मोजायचं, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटायचे. एका चित्रपटाला काही तास लागणं नेहमीचं होतं. जागेचा हिशोबही तितकाच कडक. अमेरिकेत सुरुवातीच्या संचात ३२ एमबीची मेमरी स्टिक मिळायची. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला ४०० किलोबिट धरले, तरी तिच्यात जेमतेम अकरा मिनिटं मावतात. दीड तासाचा चित्रपट ६०० किलोबिटने केला तर सुमारे ४०० एमबी लागतात, आणि तेवढ्या क्षमतेची मेमरी स्टिक प्रो ड्युओ तेव्हा महाग होती. म्हणून बिटरेट, म्हणजे सेकंदाला खर्च होणारे बिट, किती खाली नेला तर चेहरे अजून ओळखू येतात, ही मोजणी ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांनी करायची.

आवाजाकडे मात्र उशिरा लक्ष गेलं. डीव्हीडीवरचा सहा वाहिन्यांचा आवाज दोन वाहिन्यांत उतरवला की संवाद दबतात आणि स्फोट वर येतात. कन्सोलच्या चिमुकल्या स्पीकरवर तर संवाद ऐकूच येत नसत, म्हणून कन्व्हर्टरमध्ये आवाज वाढवण्याची सोय आली. सबटायटलची गत आणखी वेगळी. मेमरी स्टिकवरच्या व्हिडिओला वेगळी सबटायटल जोडता येत नव्हती. कन्व्हर्ट करतानाच ती चित्रावर छापावी लागत. तीही आकाराने मोठी करून, कारण टीव्हीसाठी केलेली अक्षरं या पडद्यावर मुंगीएवढी दिसायची.

सोनीने चौकट हळूहळू सैल केली. जुलै २००५ मध्ये जपानमध्ये आलेल्या २.०० फर्मवेअरने, म्हणजे कन्सोल चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने, मेमरी स्टिकवर एच.२६४ मान्य केलं, पण पिक्सेलची मर्यादा तशीच ठेवली. वर त्यासाठी वेगळा फोल्डर आणि ‘एमएक्यू’ ने सुरू होणारी नावं आणली. ज्यांनी १.५० फर्मवेअरवर हौशी लोकांचे प्रोग्राम चालवायला सुरुवात केली होती, त्यांच्यापुढे पेच पडला. अपडेट केलं तर नवा कोडेक मिळणार, पण ते प्रोग्राम जाणार. अनेकांनी अपडेट टाळलं, आणि त्यांना त्यांच्यातल्याच लोकांनी बक्षीस दिलं. पीएमपी मॉड नावाच्या हौशी प्लेअरने मीडिया इंजिनपर्यंत पोहोचून ४८० गुणिले २७२ चा पूर्ण पडदाभर व्हिडिओ दाखवला. त्यासाठी ‘पीएमपी’ हा आणखी एक फाइलप्रकार आणि आणखी एक कन्व्हर्टर आला, पण यंत्राला हे जमतं हे सिद्ध झालं.

२००६ च्या मध्याला २.८० फर्मवेअरने ‘व्हिडिओ’ नावाचा साधा फोल्डर दिला आणि फाइलला हवं ते नाव ठेवायची मुभा दिली. मार्च २००७ मध्ये आलं ३.३०. मेमरी स्टिकवर ४८० गुणिले २७२ आणि थेट ७२० गुणिले ४८० चालू लागलं. कन्सोलमध्ये एकही सुटा भाग बदललेला नव्हता. २००४ ला विकलेल्या यंत्रातही हे अपडेटनंतर चालायचं. दरम्यान यूएमडी चित्रपटांचा बाजार बसला होता; २००६ मध्येच अनेक स्टुडिओंनी हात आखडता घेतला होता. या दोन गोष्टींचा थेट संबंध होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मर्यादा चिपची नव्हती, ठरवलेली होती, यात मला शंका उरत नाही. लोकांनी आपल्या संगणकांचे घालवलेले हजारो तास त्या ठरावाची किंमत होते.

याच्या शेजारी निन्टेंडो डीएस ठेवला की फरक लख्ख दिसतो. नोव्हेंबर २००४ मधला हा कन्सोल. ६७ मेगाहर्ट्झचा एक प्रोसेसर, ३३ चा दुसरा, मेमरी ४ एमबी, आणि व्हिडिओ उलगडणारं खास हार्डवेअर काहीच नाही. इथे मर्यादा खरीखुरी होती. मूनशेल हा हौशी प्लेअर त्यावर फ्लॅश कार्डवरून, म्हणजे हौशी प्रोग्राम चालवू देणाऱ्या कार्ट्रिजवरून, चालायचा, आणि त्याच्यासाठी ‘डीपीजी’ हा फाइलप्रकार बनला. सुरुवातीला एक छोटा मथळा, त्यात फ्रेमची संख्या आणि वेग, मग आवाज, मग चित्र. चित्राचा कोडेक होता एमपीईजी-१, व्हिडिओ सीडीच्या जमान्यातला, १९९३ चं मानक. एच.२६४ येऊन गेल्यावर दहा वर्षं जुना कोडेक निवडणं उलटं वाटेल. पण एमपीईजी-१ चं गणित इतकं साधं, की डीएसच्या प्रोसेसरला ते झेपायचं. २५६ गुणिले १९२ चं चित्र, सेकंदाला साधारण वीसच्या आसपास फ्रेम. कुणीही अडवलेलं नसताना, यंत्राच्या ताकदीचा शेवटचा थेंब वापरून केलेलं हे काम आहे. पीएसपीच्या कन्व्हर्टरांपेक्षा मला हे अधिक देखणं वाटतं.

तिसरी वाट कोरियातून निघाली. गेमपार्कच्या जीपी३२ वर, आणि २००५ अखेरच्या लिनक्सवर चालणाऱ्या जीपी२एक्सवर, प्रोग्राम लिहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. जीपी२एक्समध्ये तर एमप्लेअर हा संगणकावरचा व्हिडिओ प्लेअरच होता, त्यामुळे संगणकावरच्या अनेक एव्हीआय प्रकारच्या फाइल कन्व्हर्ट न करताच चालत. विक्री मात्र सोनी-निन्टेंडोच्या पासंगालाही पुरली नाही.

पुढचं चटकन सांगता येतं. २०११ च्या निन्टेंडो ३डीएसवर स्वतःच्या कॅमेऱ्याने घेतलेले त्रिमितीय व्हिडिओ दिसायचे. मग लोकांनी बाहेरचे व्हिडिओ त्याच साच्यात, प्रत्येक फ्रेम वेगळं जेपेग म्हणून साठवणाऱ्या मोशन जेपेगच्या एव्हीआयमध्ये, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून बसवले. त्याच वर्षीच्या पीएस व्हिटाचा पडदा ९६० गुणिले ५४४ चा. त्यालाही १६ ने बरोबर भाग जातो. तोवर एच.२६४ चा एमपी४ सगळीकडचा झाला होता, फोनवर तर होताच, आणि खिशात दुसरा पडदा असताना कन्सोलसाठी मुद्दाम फाइल बनवण्याचं कारण विरत गेलं. निन्टेंडोच्या २०१७ च्या स्विच कन्सोलमध्ये बाहेरून आणून साठवलेला व्हिडिओ चालवणारा प्लेअर निन्टेंडोने दिलाच नाही. २०२२ चा स्टीम डेक म्हणजे लिनक्सचा संगणकच. त्यावर व्हीएलसी हा प्लेअर टाकला की काम झालं.

मागे उरल्या आहेत त्या फाइल. कन्व्हर्ट करताना जे गाळलं ते परत येत नाही. जुन्या मेमरी स्टिकवरचा ३६८ गुणिले २०८ चा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर उघडला, की चित्रावर छापलेली ती मोठाली सबटायटल, सेकंदाला ४०० किलोबिटमध्ये कोंबलेले चेहरे आणि मुद्दाम वाढवलेला आवाज, सगळं तसंच समोर येतं. मूळ टेप किंवा चकती हाताशी असेल तर पुन्हा चांगली प्रत काढता येते. घरगुती चित्रणाच्या बाबतीत अनेकदा ती उरलेली नसते, आणि मग पीएसपीसाठी केलेली ती छोटी फाइल हीच मूळ प्रत असते.