स्मृतिनाणे (ग्रामीण विदर्भ)

एखादी व्यक्ती किंवा घटना स्मरणात राहावी म्हणून सरकारी टांकसाळीत पाडलेले नाणे म्हणजे स्मृतिनाणे. स्वतंत्र भारतातील पहिली स्मृतिनाणी जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर १९६४ साली निघाली: एक रुपया आणि पन्नास पैसे. विदर्भाच्या खेड्यांत ही नाणी संग्राहकांच्या अल्बमपेक्षा देव्हाऱ्यात, नाहीतर आजीच्या पेटीतल्या पुरचुंडीत अधिक सापडतात. गांधीजी १९३६ पासून वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. दीक्षाभूमी नागपुरात आहे. त्यामुळे १९६९ चा गांधी रुपया आणि १९९० चा डॉ. आंबेडकर जन्मशताब्दीचा रुपया इथे निव्वळ चलन म्हणून पाहिले जात नाहीत.

ओळखताना पहिली गफलत सनाची होते. गांधी रुपयावर १८६९–१९४८ एवढेच आकडे आहेत. ते जन्म-मृत्यूचे सन आहेत, नाणे पाडल्याचे नव्हेत. ‘दीडशे वर्षांचे नाणे’ म्हणून ते दाखवले जाते ते यामुळेच. सनाखालची टांकसाळीची खूणही बघावी: हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, टिंब नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकाता. जुन्या मुंबई नाण्यांवरही टिंब आढळते, पण नोएडाची टांकसाळ १९८८ ची, त्याआधीच्या नाण्यावरचे टिंब तिचे नसणार. नेहरू आणि गांधी रुपये निकेलचे असल्याने चुंबकाला चिकटतात, तांबे-निकेल मिश्रणाची नाणी चिकटत नाहीत.

चलनासाठी कोट्यवधींनी पाडलेल्या स्मृतिनाण्याला सहसा दर्शनी किमतीच्या आसपासच मोल असते. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, हे निव्वळ आमिष आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याच्या, त्यासाठी शुल्क मागण्याच्या जाहिरातींपासून सावध राहा, असे खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये बजावले होते. १९६९ चे दहा रुपयांचे गांधी नाणे मात्र वेगळे: १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम शुद्ध चांदी. सोनार मोडीचा भाव सांगेल तेव्हा हा हिशेब ठाऊक असावा, आणि नाणे टांकसाळीतून आल्यासारखे कोरे असेल तर ते मोडीत घालूच नये.

सर्वाधिक नुकसान दिवाळीत होते. लक्ष्मीपूजनाआधी चिंच, लिंबू किंवा राखेने नाणे घासले, की चेहऱ्यावरचे बारीक उठाव झिजतात, मूळ झळाळी जाते आणि ती परत आणता येत नाही. जाणकार घासलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा काळवंडलेले, न घासलेले नाणे पसंत करतो. पूजेला ठेवायचेच असेल तर जसे आहे तसे ठेवावे. हळदकुंकू नाण्याला न लावता ताटात वाहावे. नाणे कडेने धरावे. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात कालांतराने हिरवा चिकटा धरतो. रबर बँड आणि गोवऱ्यांच्या धुरातला गंधक चांदी काळी करतो. कोरड्या, आम्लरहित कागदी पाकिटात एकेक नाणे, डबीत सिलिका जेलची पुडी आणि डबी चुलीपासून लांब, एवढे पावसाळ्यासाठी पुरते.

शेत नांगरताना जुन्या नाण्यांचा गाडगाभर ठेवा निघाला तर त्याला हे नियम लागू नाहीत: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.