घरात लिव्हर कॅन्सर होऊन गेलाय आणि तुम्हाला हिपॅटायटिस बी आहे? मग हे वाचाच

आमच्या लॅबमध्ये हा प्रश्न सारखा येतो, वडील लिव्हर कॅन्सरने गेले, भावालाही तेच निघालं, आता माझा एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलाय तर मलाही होणार का, जीनची टेस्ट असेल तर करून टाका. म्हणून एकदा नीट लिहून देतोय.

एकाच घरात दोघातिघांना झाला म्हणजे सगळा दोष जीनचाच असं नसतं. हिपॅटायटिस बीचा व्हायरस बऱ्याचदा बाळंतपणात आईकडून बाळाला जातो आणि तेव्हा लागण झाली तर १० पैकी ९ बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर १०० मधल्या जेमतेम ५ जणांत, म्हणजे भावंडं जन्मापासून तोच व्हायरस घेऊन वाढलेली असतात.

पण रक्ताच्या नात्याचाही भाग आहेच. तैवानमध्ये हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं की हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना लिव्हर कॅन्सर झालेला त्यांना धोका जवळपास अडीचपट. चीनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये केआयएफ१बी आणि २०१३ मध्ये एसटीएटी४, एचएलए-डीक्यू या जीनशी संबंध दाखवला, पण एकेकाचा परिणाम छोटा, आणि केआयएफ१बीचं तर दुसऱ्या ठिकाणी तपासल्यावर तसं दिसलंच नाही. कॅन्सर होणार की नाही हे सांगणारी एकही जीन टेस्ट आज नाही, म्हणून आम्ही ती करत नाही, कोणी करून देतो म्हणालं तर पैसे भरायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

घरातला इतिहास मात्र डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ही माहिती फुकट आहे आणि खरंच कामाची आहे. अशांनी दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची, जोडीला बहुतेक डॉक्टर एएफपी ही लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी पण सांगतात. 'माझं लिव्हर फंक्शन नॉर्मल आहे' म्हणून कृपया थांबू नका, हा व्हायरस स्वतःचा डीएनए लिव्हरच्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो त्यामुळे सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात व्हायरस किती आहे ते) जितका जास्त तसा धोका वाढतो, टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे व्हायरसवरचं औषध चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. दारू नकोच. बुरशी आलेले शेंगदाणे, मका फेकून द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष हिपॅटायटिस बी असलेल्याच्या लिव्हरला फारच वाईट.

नवरा-बायको, मुलं, भावंडं सगळ्यांची एचबीएसएजी करून घ्या, निगेटिव्ह असतील आणि लस झालेली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस द्या, घरात बाळ येणार असेल तर पहिला डोस जन्मल्यावर २४ तासांच्या आत.

रक्तासाठी उपाशीपोटी यायची गरज नाही, सोनोग्राफीला मात्र ६ तास काही खाऊ नका, आणि जुने रिपोर्ट सोबत आणा, मागचा एएफपी किती होता ते शेजारी ठेवून बघता येतं.