चिलखत कातड्याचं, खेळ तापमानाचा

१२७८ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने विंडसरला सरदारांच्या लुटुपुटीच्या लढाया भरवल्या. त्या वेळच्या खरेदीची यादी टिकून राहिली आहे. तिच्यात ३८ जणांच्या चिलखतांची नोंद आहे आणि ती चिलखतं कातड्याची आहेत. तलवारीसुद्धा पोलादाच्या नव्हत्या. दिसायला लढाईचं आणि वापरायला खेळाचं चिलखत बनवण्याची कला तेव्हाच चांगली मुरलेली होती. आज नाटकासाठी, मालिकेसाठी किंवा कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी, कातड्याचं कवच घडवणारे हात बऱ्याच अंशी तेच करतात. पण हातात घेतल्यावर सहज वाकणारं कातडं टिचकी मारली की टक्क वाजावं इतकं कडक होतं, ते कशामुळे?

जनावराच्या कातडीत मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचा एकेक रेणू तीन पदरी दोरासारखा वळलेला असतो. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम दीड. ही तीन पदरांची रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. भारतात झालेलं इतकं मोठं काम आपल्या शाळांमधून अधिक आवर्जून सांगितलं जायला हवं. या पदरांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात. ओली, कच्ची कातडी ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापली की हे बंध सुटतात, पदर उलगडून त्यांची आखूड वेटोळी होतात आणि कातडी डोळ्यांदेखत आकसते. तशीच शिजवत ठेवली तर हाती सरस उरतो.

कातडं कमावताना या तंतूंना बाहेरून आधार दिला जातो. कोल्हापूर भागात ढोर समाजातल्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलं. कातडं शिवून त्याचीच पिशवी करायची, ती टांगायची आणि साल-हिरड्याचं पाणी तिच्यात भरून मुरू द्यायचं. त्यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, कोलॅजनच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी जखडतात. आकसण्याची हद्द मग ७० ते ८५ अंशांच्या आसपास जाते. या कातड्याची कोल्हापुरी चप्पल होते आणि चिलखतालाही अशाच झाडपाल्यावर कमावलेल्या कातड्याची गरज असते.

पर्स किंवा जाकिटाचं कातडं बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते १०० अंशांनाही दाद देत नाही, त्यामुळे मऊच राहतं आणि घडवलेला आकारही नीट धरत नाही. दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा एक लहान तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकावा. सालीवर कमावलेला तुकडा आकसून वाकडातिकडा आणि कडक होतो. क्रोमचा तुकडा जवळजवळ होता तसाच बाहेर येतो.

साधा मनगटपट्टा करायचा असेल तर गरम पाण्याची गरजच नाही. कातडं साध्या पाण्यात भिजवलं की पाण्याचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात आणि तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. साच्यावर दाबून वाळवलं की तंतूंमधले बंध नव्या जागी जुळतात आणि आकार पक्का होतो. तीन-चार मिलिमीटर जाडीचं, पाठीच्या बाजूचं कातडं घ्यावं. पोटाकडचे तंतू विरळ असतात, तिथलं कातडं भलतीकडेच ताणलं जातं.

खरं कडक कवच हवं असेल तर आकसण्याच्या त्या हद्दीशीच खेळावं लागतं. भिजवलेलं कातडं साधारण ८० अंशांच्या पाण्यात धरायचं, फार तर मिनिटभर. काही पदर सुटतात, कातडं जाड आणि रबरासारखं होतं. ते साच्यावर बसवायला हाताशी मिनिट-दोन मिनिटंच असतात. गार होताना सुटलेलं कोलॅजन उरलेल्या तंतूंना चिकटवून टाकतं. थोडा जास्त वेळ लागला की मात्र कवच ठिसूळ होऊन तडकतं, आणि झालेली चूक परत फिरवता येत नाही, कारण उलगडलेले पदर पुन्हा तसे वळले जात नाहीत. म्हणून थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजावर हे काम सोपवू नये. कातडं पाव भागापर्यंत, कधी त्याहूनही जास्त आकसतं, तेव्हा कागदी नमुना मोठा कापावा. कडक झाल्यावर आरी आत शिरत नाही, भोकांसाठी ड्रिल लागतो.

मेणाचा मार्ग जास्त सोशिक आहे. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. ते कातड्यात जिरवायचं, पण कातडं पूर्ण वाळल्यावरच. कोरड्या कातड्याची आकसण्याची हद्द १०० अंशांच्या वर असते, ओलाव्याने ती झपाट्याने खाली येते. ओलसर कवच गरम मेणात बुडवलं तर ते आतून शिजतं.

लोखंडाबद्दलही सांभाळून राहायला हवं. ओलं कातडं लोखंडी हत्याराला किंवा रिव्हेटला लागलं की टॅनिन आणि लोह मिळून निळसर काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून शाई होते ती याच रसायनामुळे. डाग नको असतील तर पितळी रिव्हेट वापरावेत. पण काळं चिलखतच हवं असेल तर लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस मुरवून ते पाणी कातड्याला लावतात. काळा रंग तंतूंच्या आतच तयार होतो, त्यामुळे तो वरवर खरवडून जात नाही. हे काम मेण देण्याच्या आधी उरकावं, मेण प्यायलेल्या कातड्यात पाणी शिरत नाही.