रात्रभर संगीत लावून झोपणे

उशाशी गाणी लावून झोपणे व ती सकाळपर्यंत चालू ठेवणे ही सवय. झोप यावी म्हणून ऐकलेल्या संगीताचा अनेकांना खरोखर उपयोग होतो. झोप लागल्यावर चालू राहिलेल्या संगीताचा बहुधा उपद्रवच.

झोपेतही मेंदू आवाज टिपतो. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे. रात्रीत अशी चार-पाच. गाढ झोप पूर्वरात्री जास्त, तर ठळक स्वप्नांची रेम अवस्था पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे अकराला ज्या आवाजाने कूसही बदलली जात नाही, तोच चारला जाग आणतो. काही सेकंदांची ही जाग सकाळी आठवत नाही, पण अंग जड राहते. सलग आवाजापेक्षा त्यातला अचानक बदल अधिक बाधतो: संथ विलंबितानंतरची द्रुत बंदिश, सतारवादनाच्या शेवटचा वेगवान ‘झाला’, अ‍ॅपने मध्येच वाजवलेली जाहिरात. त्या मानाने नुसता तानपुरा निरुपद्रवी.

ऐकलेले स्वप्नात उतरते ही समजूत फारशी टिकत नाही. डिमेंट व वोल्पर्ट या निद्रासंशोधकांच्या १९५८ च्या प्रयोगात रेम झोपेत ऐकवलेला स्वर ९ टक्के, प्रकाश २३ टक्के, तर अंगावर उडवलेले पाणी ४२ टक्के स्वप्नांत शिरले. खरा त्रास गाणे डोक्यात घोळत राहण्याचा. निद्रासंशोधक मायकेल स्कलिन यांच्या २०२१ च्या अभ्यासात ओळखीच्या गाण्यांच्या शब्दांविना वाजवलेल्या धुनांनी तो वाढला. म्हणजे बासरीवरची लोकप्रिय गीते ही निवड दिसते तितकी चांगली नाही.

निजताना संथ, अनोळखी संगीत ३० ते ४५ मिनिटे पुरते. टाइमर लावावा, ‘ऑटोप्ले’ बंद करावे, स्पीकर उशीपासून लांब ठेवावा. कानात ईअरफोन घालून झोपू नये: कुशीवर वळताच तो रुततो आणि मळ आत ढकलला जातो.

 ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गणेशोत्सवात ढोलाचा आवाज बुडवायला पुणेकर घरातले संगीत मोठे करतात; पण ढोलाचा खर्ज बंद खिडकीतूनही येतो, आणि पथक पुढे गेल्यावर वाढवलेला आवाज तसाच राहतो.

कानात सतत गुणगुण ऐकू येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रात्रभर मंद, एकसारखा आवाज सोसतो. मात्र तो त्या गुणगुणीपेक्षा किंचित कमीच ठेवावा.